हे पैंजण कुणाचं?



आजचा विषय वाचून आमच्या घरातले काही जण हसणार आहेत. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईनं वेब अ‍ॅप्लिकेशनच्या चाचण्यांवर मत द्यायचं म्हणजे जरा अतीच झालं, असं त्यांना वाटेल. वाटू दे. चाचण्या घेण्यात माझी तीसेक वर्षं गेली आणि नाती सांभाळण्यात त्याहून जास्त. आजचा विषय या दोन्हींचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये एका नोंदीचं दुसऱ्या नोंदीशी नातं असतं, आणि चाचणीत ते नातं तुटलेलं दिसलं की काय करावं, एवढाच प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. नात्यावरून चाचणी नापास झाली तर तिला पास करायच्या मागे लागण्याआधी उठून विचारावं, की हे नातं खऱ्या जगात कसं आहे? चाचणीला गप्प करायच्या युक्त्या पुष्कळ आहेत. त्यातल्या काही युक्त्यांनी चाचणी पास होते आणि माणूस नापास होतो. हा 'माणूस' कोण, ते पुढे येईलच.

ज्यांनी हुपरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ आमचं गाव आहे. चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी ते ओळखलं जातं. पण इथं एका छपराखाली पैंजण तयार होतं असं समजू नका. चांदी आटवणारा वेगळा, तार ओढणारा वेगळा. कड्या वळणारं घर वेगळं, त्या जोडणारं वेगळं, झाळणारं वेगळं. घुंगरं बसवणं, पॉलिश करणं ही कामं आणखी तिसरीकडे. एक पैंजण चार-पाच उंबरे हिंडून मग दुकानाच्या काचेत जाऊन बसतं. व्यापाऱ्याकडून चांदी घेऊन माल करून देणाऱ्याला आमच्याकडे धडीवाला म्हणतात. त्याची वही म्हणजे चांदी किती दिली, माल किती आला, घट किती धरली आणि मजुरी किती झाली, याचा हिशेब.

पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारी माझी नात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यासाठी हीच वही वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये बसवते आहे. सुट्टीला आली की लॅपटॉप उघडून बसते आणि मी शेजारी निवडण-टिपण घेऊन. तिच्या तोंडून ऐकून, विचारून आणि थोडं स्वतः वाचून जे समजलं ते लिहिते आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

तिनं हे काम 'रेल्स'मध्ये केलं आहे. रूबी ही संगणकाची भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांपुढे आणली आणि तिच्यावर उभी असलेली रेल्स ही चौकट डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ साली खुली केली. त्यात प्रत्येक गोष्टीचं एक 'मॉडेल' असतं. व्यापारी हे एक मॉडेल, खातं दुसरं, काम तिसरं, कारागीर चौथं. मग त्यांची नाती सांगायची. खात्याची पुष्कळ कामं असतात, याला म्हणायचं 'हॅज मेनी'. काम एका खात्याचं असतं, याला म्हणायचं 'बिलाँग्ज टू'.

हे ऐकल्यावर मला हसू आलं. अहो, ही तर आपली षष्ठी! चा, ची, चे, च्या. शाळेत आम्ही शिकवायचो की षष्ठीचा मुख्य अर्थ संबंध. बाकीच्या विभक्त्या नामाला क्रियापदाकडे नेतात, षष्ठी एका नामाला दुसऱ्या नामाकडे नेते. फरक इतकाच, की आपण 'पार्वतीचं काम' म्हणताना प्रत्यय पार्वतीला लावतो. संगणकात खूण कामाच्या अंगावर असते. कामाच्या ओळीत एक रकाना असतो आणि त्यात पार्वतीच्या नोंदीचा क्रमांक लिहिलेला असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो ना, तसंच. तो क्रमांक रजिस्टरात सापडला तर दाखला खरा, नाही सापडला तर तो नुसता कागद.

आता चाचण्या. सॉफ्टवेअर बरोबर चालतं की नाही हे माणसानं रोज सगळी बटणं दाबून बघायचं, हे काही शक्य नाही. म्हणून छोटे छोटे प्रश्न आणि त्यांची अपेक्षित उत्तरं आधीच लिहून ठेवतात. संगणक स्वतःच प्रश्न सोडवतो, स्वतःच तपासतो. बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. प्रत्येक प्रश्नासाठी खोटी माणसं, खोटी खाती, खोटी कामं उभी करावी लागतात आणि प्रश्न सुटला की ती पुसली जातात. नाटकाच्या तालमीत लाकडी तलवार घेतात, तसा प्रकार.

गंमत म्हणजे लाल खुणा पुष्कळदा हिशेब चुकल्यामुळे येत नाहीत. खोटं जग उभं करताना त्यातली नाती नीट जुळलेली नसतात, म्हणून येतात. नातीबरोबर बसून मी अशा तीन-चार तऱ्हा बघितल्या. एकेक सांगते, कारण प्रत्येकीचं औषध वेगळं आहे आणि सगळ्यांना एकच काढा पाजण्यातच घोळ होतो.

पहिली तऱ्हा दोन बापांची. प्रश्न साधा होता. खात्यावर एक किलो चांदी दिली, ९८५ ग्रॅम माल जमा झाला, तर बाकी किती? पंधरा ग्रॅम यायला हवी. संगणक म्हणे, एक हजार ग्रॅम. वजाबाकी चुकली का? मुळीच नाही. खोट्या नोंदी तयार करायला ती 'फॅक्टरी बॉट' नावाचं साधन वापरते. हे २००८ साली 'फॅक्टरी गर्ल' या नावानं आलं होतं, २०१७ साली त्याचं नाव बदललं. या साधनाला सांगितलं की एक काम कर, तर ते कामासाठी खातंही आपणच तयार करतं. मग सांगितलं, एक जमा कर. तर ते जमेसाठी दुसरं, नवंकोरं खातं तयार करतं. चांदी गेली एका खात्यावर, माल आला दुसऱ्या खात्यावर, आणि दोन्ही खाती एकमेकांना ओळखतच नाहीत! औषध सोपं. आधी एक खातं करायचं आणि काम व जमा दोन्हींना तेच खातं द्यायचं.

दुसरी तऱ्हा आळशी पाहुण्याची. चाचणीत लिहिलेलं असतं की अमुक खात्याला एक काम आहे. पण 'आरस्पेक' नावाच्या साधनात 'लेट' या शब्दानं नोंद सांगितली तर तिचं नाव चाचणीत घेतल्याशिवाय ती तयारच होत नाही. खात्याला विचारलं, तुझी कामं किती? उत्तर, शून्य. कारण कामाला अजून कुणी हाकच मारलेली नाही. 'लेट'पुढे उद्गारचिन्ह दिलं की ती नोंद आधीच येऊन बसते. एका उद्गारचिन्हाची एवढी किंमत बघून मला विरामचिन्हांवरचे माझे सगळे तास सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

हिचीच एक बहीण आहे. खात्यानं आपल्या कामांची यादी एकदा मनात धरली, आणि त्यानंतर कुणी परस्पर नवीन काम नोंदवलं, तर खातं जुनीच यादी सांगत राहतं. त्याला पुन्हा भांडारातून वाचायला लावावं लागतं. म्हातारपणी आमचंही असंच होतं. भाच्याला दुसरी मुलगी झालेली असते आणि आम्ही पहिलीचीच चौकशी करत असतो.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत आवडली, कारण ती शुद्धलेखनाची आहे. खोट्या नोंदी आधीच एका फायलीत लिहून ठेवायची पद्धत आहे, त्यांना 'फिक्श्चर' म्हणतात. तिथं क्रमांक लिहावे लागत नाहीत, नुसती नावं लिहिली तरी चालतात. नावावरून गणित करून रेल्स क्रमांक काढतं. आता कारागिरांच्या फायलीत 'पार्वती' लिहिलं आणि कामाच्या फायलीत घाईत 'पारवती', तर काय होईल? आपल्याला वाटेल, संगणक ओरडेल की अशी बाई नाही. तो ओरडत नाही. 'पारवती'वरूनही तो एक व्यवस्थित क्रमांक काढतो आणि कामाच्या रकान्यात लिहून मोकळा होतो. त्या क्रमांकाची बाई जगात कुठंही नाही, पण काम तिच्या नावावर! या फायली थेट भांडारात भरल्या जातात, मॉडेलचे नियम त्यांना वाटेत अडवत नाहीत. २०२१ च्या अखेरीस आलेल्या रेल्सच्या सातव्या आवृत्तीत अशी बेवारस नाती फायली भरतानाच पकडण्याची सोय झाली आहे. मात्र ती पोस्टग्रेस आणि एस्क्यूलाइट या भांडारांसाठी, आणि भांडारातच 'हा क्रमांक त्या तक्त्यात असलाच पाहिजे' असं बंधन घातलेलं असेल तरच. म्हणजे बंधन घालायचं काम पुन्हा माणसाचंच.

या तिन्ही तऱ्हांत चूक चाचणीच्या मांडणीत आहे. तिथं चाचणी दुरुस्त करावी आणि पुढे जावं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो चौथ्या तऱ्हेबद्दल.

नातीनं ठरवलं की सगळीच माणसं खोटी कशाला, धडीवाल्याच्या जुन्या वहीतल्या काही नोंदी नावं बदलून चाचणीत घालूया. घातल्या, आणि ओळीनं लाल खुणा आल्या. प्रत्येकीखाली एकच तक्रार, 'कारागीर असायलाच हवा'. २०१६ साली आलेल्या रेल्सच्या पाचव्या आवृत्तीपासून नव्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये हा नियम आपोआप लागू असतो. काम कारागिराचं आहे असं म्हणालात ना, मग कारागीर दाखवा, नाहीतर काम नोंदवत नाही. त्याआधी कारागीर कोरा ठेवला तरी चालायचं.

आणि वहीत कारागीर नव्हताच. वहीत होतं 'अमक्याचं घर'.

"आज्जी, सोपं आहे," नात म्हणाली, "इथं 'ऑप्शनल' लिहिलं की झालं. सगळ्या हिरव्या." म्हणजे असला कारागीर तर असला, नसला तर नसला. एका शब्दाचं काम. मी तिला म्हटलं, "हिरव्या होतील, पण मग ते पैंजण केलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही धडीवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, "बाई, वहीत घराचं नाव असतंय. हातांची नावं कोण लिहितंय?" मग बोटं मोजून सांगू लागला. त्या घरात कड्या जोडायला सासू आणि थोरली सून. झाळायचं काम मुलगा करतो, पण तो साखर कारखान्याच्या हंगामात जातो तेव्हा धाकटी सून करते. माल जास्त असला तर शेजारची एकजण येऊन बसते. मजुरी मात्र सासऱ्याच्या हातात, कारण खातं त्यांच्या नावावर.

म्हणजे वही खोटं बोलत नव्हती. तिला फक्त खातं माहीत होतं, हात माहीत नव्हते. अ‍ॅप्लिकेशनचं म्हणणं असं, की एका कामाचा एक कारागीर. तेही खरं नव्हतं. लाल खूण नेमकी या दोन अर्ध्या सत्यांच्या सांध्यावर उमटली होती. तिथं 'ऑप्शनल' लिहिणं म्हणजे सांधा न झाळता वर पॉलिश मारणं. दिसायला छान, पायात घातल्यावर तुटणार.

हुपरीत शिकवताना मी असंख्य मुलांच्या घरी गेले आहे. पाटावर किंवा सतरंजीवर बसून, मांडीवर फडकं पसरून कड्या जोडणाऱ्या बायका मी किती पाहिल्या त्याला गणती नाही. डोळ्यांना ताण देऊन, स्वयंपाक आणि पोरंबाळं सांभाळून केलेलं काम असतं ते. आणि "काय करता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "काही नाही बाई, घरीच असते." ज्या बाईला स्वतःलाच आपलं काम काम वाटत नाही, तिची नोंद संगणकानंही ऐच्छिक ठरवावी, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, एका छोट्या हिशेबाच्या अ‍ॅप्लिकेशनवर एवढं ओझं कशाला? पण नात्याचा रकाना कुठं लावायचा, हा प्रश्न छोटा नाही. सरकारचंच बघा ना. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. त्यात नोंद प्रत्येक कामगाराची स्वतंत्र, प्रत्येकाला आपला बारा आकडी क्रमांक. घरी बसून काम करणारी बाईही त्यात स्वतःच्या नावानं येऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली. त्यात अठरा व्यवसाय आहेत, सोनारकामही आहे. पण तिथं नोंदणी आणि लाभ एका कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. एका ठिकाणी नातं माणसाशी जोडलं आहे, दुसऱ्या ठिकाणी कुटुंबाशी. दोन्हींमागे आपापली कारणं असतील. पण नवराबायको दोघंही कारागीर असलेल्या घराला या दोन तक्त्यांतला फरक ताबडतोब कळतो. तिथं कुणाचं तरी एकाचंच नाव पुढे करावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा कुणाचं असतं हे मी सांगायला नको.

उलट उदाहरणही आहे. मार्च २०२४ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम ठरवला. एका रकान्याची जागा बदलली. पण पिढ्यान्‌पिढ्या मुलाची आई कागदावर ऐच्छिकच होती, हे आठवलं की त्या जागेचं मोल समजतं.

आता दुसरी बाजूही मांडते. शिक्षकाला सवय असते, उत्तरपत्रिकेच्या दोन्ही बाजू तपासायची.

'ऑप्शनल' हा शब्दच वाईट, असं माझं म्हणणं नाही. हाच धडीवाला कधी कधी स्वतःच्या चांदीचा माल करून ठेवतो. त्या कामाला व्यापारी नसतोच. तिथं व्यापारी सक्तीचा ठेवला तर लोक 'स्वतः' नावाचा खोटा व्यापारी तयार करतील, आणि खोटी नोंद कोऱ्या नोंदीपेक्षा वाईट. कोरा रकाना निदान कबूल तरी करतो की मला माहीत नाही. तेव्हा कामाचा व्यापारी ऐच्छिक असणं बरोबर, कामाचे हात ऐच्छिक असणं चूक. दोन्हीकडे शब्द तोच. फरक चाचणी सांगत नाही, गाव सांगतं.

नात म्हणते तेही खरं आहे, की प्रत्येक चाचणीत सगळं गणगोत उभं करायला लागलो तर चाचण्या चालायलाच अर्धा तास लागेल. एका पैंजणाचं वजन तपासायला व्यापारी, त्याचं दुकान, त्याचा गाव असा लवाजमा कशाला? मान्य. ज्या प्रश्नाला जेवढी नाती लागतात तेवढीच उभी करावीत. वजनाच्या प्रश्नाला वजन पुरे. पण मजुरीच्या प्रश्नात मजूर नको म्हणणाऱ्याला मी गुण देणार नाही.

आणि तिसरी गोष्ट वेळेची. पुण्याच्या ऑफिसांत शुक्रवारी संध्याकाळी काम द्यायचं असतं, लाल खूण घेऊन तत्त्वचिंतन करायला कुणाला सवड नसते, हे मी नातीकडून ऐकलं आहे. मग नियम बाजूला ठेवून नोंद दामटतात, किंवा चाचणीच्या डोक्यावर 'तूर्त सोडून द्या' अशी चिठ्ठी लावतात. तूर्त म्हणजे किती दिवस, हे आपण सगळे जाणतोच. मला एवढंच म्हणायचं आहे की घाईत चिठ्ठी लावलीच तर तिच्यावर प्रश्न लिहा, 'हे काम कुणाचं, ते विचारायचं राहिलं आहे.' पुढचा माणूस निदान विचारेल तरी.

आमच्या अ‍ॅप्लिकेशनचं पुढे काय झालं? नातीनं मॉडेल बदललं. काम आता खात्याचं आहे, आणि तिथं कारागीर हा रकानाच नाही. मध्ये 'टप्पा' नावाचं नवं मॉडेल आलं. जोडणी हा एक टप्पा, झाळणं दुसरा, घुंगरं तिसरा. प्रत्येक टप्पा एका कामाचा आणि एका कारागिराचा, दोन्ही सक्तीचे. म्हणजे कामाला टप्प्यांमधून पुष्कळ कारागीर मिळाले, आणि कारागिराला टप्प्यांमधून पुष्कळ कामं. टप्प्याशिवाय काम पुरं झालं असं लिहिता येत नाही. हे केल्यावर आधी हिरव्या असलेल्या कितीतरी चाचण्या लाल झाल्या आणि त्या जुळवण्यात तिची दिवाळीची सुट्टी गेली. फराळाचं ताट लॅपटॉपशेजारीच फिरत होतं. तरी तिनं तक्रार केली नाही. एक नवी चाचणी मात्र तिनं आपणहून लिहिली. एका घरातल्या तिघींनी मिळून एक काम केलं, तर मजुरी एकाच खात्यावर जमा होते पण तिघींच्या नावावर टप्पे दिसतात का? दिसतात. हिरवी खूण.

मजुरी अजून सासऱ्यांच्याच हातात जाते, हे मला माहीत आहे. सॉफ्टवेअरनं घरातले व्यवहार बदलत नाहीत, आणि ते त्याचं कामही नाही. पण उद्या त्या धाकट्या सुनेला कुठं सांगायचं असेल की मी इतकी वर्षं झाळकाम करते, तर दाखवायला एक ओळ असेल. तिच्या नावाची, तारीखवार.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांच्या हॉलमार्कलाही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी मिळू लागला आहे. चांदीसाठी तो ऐच्छिक म्हणून सुरू झाला. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो घातला की दागिना कोणत्या सराफाचा, कोणत्या केंद्रात तपासला, शुद्धता किती, हे कळतं. गिऱ्हाईकासाठी फार चांगली सोय आहे, आणि नातं कसं जोडावं याचा तो उत्तम नमुना आहे. चांदीचा टंच त्यातून सिद्ध होतो. हातांचं नाव त्यात नाही, आणि ते तिथं असायलाच हवं असंही नाही. पण ते कुठंतरी असायला हवं. ज्या वहीत किंवा ज्या तक्त्यात ते मावू शकतं, तिथं तरी आपण ते 'ऑप्शनल' करून टाकू नये.

तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी आपापले अनुभव जरूर लिहा. मला सगळं समजेलच असं नाही, पण नात आहे समजावून सांगायला. आणि आमच्या घरच्या मंडळींनो, हसून झालं असेल तर आपापल्या घरातल्या वह्या एकदा उघडून बघा. खातं कुणाचं आणि काम कुणाचं, एवढंच बघा.